लाक्लीड्स लँडिंग स्थानकावर उतरून सेंट लुइसचा जुना नदीकाठ कसा पाहावा

अमेरिकेतील मिझुरी राज्याच्या सेंट लुइस शहरात मेट्रोलिंक या लाइट रेलचे, म्हणजे हलक्या शहरी रेल्वेचे, लाक्लीड्स लँडिंग नावाचे स्थानक आहे. मिसिसिपी नदीवरील ईड्स पुलाच्या पश्चिमेकडील दगडी भागात ते बसवलेले असून, येथे येणारे बहुतेक प्रवासी गेटवे आर्च ही प्रचंड कमान पाहून परत फिरतात. अर्ध्या दिवसाची सवड असेल तर याच एका स्थानकाच्या आधाराने कमान, पूल, जुन्या वखारींचा भाग आणि पलीकडचा इलिनॉय राज्याचा काठ एवढे सगळे नीट पाहता येते. त्यासाठी एक गोष्ट आधीच लक्षात घेतलेली बरी. हा परिसर सपाट नाही, तो एकावर एक अशा तीन पातळ्यांत विभागलेला आहे. सर्वांत वर ईड्स पुलावरचा मोटाररस्ता आहे, त्याच्याखाली पुलाच्या पोटातून जाणारे रूळ व फलाट आहेत आणि त्याहून खाली वखारींच्या गल्ल्या व नदीकडे उतरत जाणारा दगडी धक्का आहे. मोबाइलवरील नकाशात या तिन्ही गोष्टी एकाच बिंदूवर दिसतात. त्यामुळे नकाशा ‘पोहोचलात’ असे सांगत असताना प्रत्यक्षात आपण वीस-तीस फूट खाली किंवा वर असू शकतो. पुढील सूचना म्हणूनच रस्त्यांच्या नावांपेक्षा पातळ्यांच्या हिशेबाने दिल्या आहेत.

स्थानकापर्यंत येणे

मेट्रोलिंकच्या दोन मार्गिका आहेत. लाल मार्गिका लॅम्बर्ट विमानतळाच्या पहिल्या टर्मिनलपासून इलिनॉयमधील शायलो-स्कॉटपर्यंत जाते, तर निळी मार्गिका श्रूजबरीपासून फेअरव्ह्यू हाइट्सपर्यंत. फॉरेस्ट पार्क–डीबॅलिव्हिअरपासून पूर्वेला दोन्ही मार्गिका एकाच रुळांवरून धावतात आणि लाक्लीड्स लँडिंग याच सामाईक टप्प्यात येते. शहराच्या मध्यभागातून पूर्वेकडे निघताना गाडीचा रंग पाहत ताटकळण्याचे कारण नाही. जी गाडी आधी येईल तिच्यात बसावे. विमानतळावरून येणाऱ्यांना मात्र लाल गाडीशिवाय पर्याय नाही. अॅमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेच्या गाडीने किंवा लांब पल्ल्याच्या बसने शहरात उतरलेल्यांसाठी, ते जेथे उतरतात त्या स्थानकाला लागूनच सिव्हिक सेंटर हे मेट्रोलिंकचे स्थानक आहे. तेथून पूर्वेकडील गाडी धरल्यास स्टेडियम, एट्थ अँड पाइन आणि कन्व्हेन्शन सेंटर या थांब्यांनंतर लाक्लीड्स लँडिंग येते.

तिकीट गाडीत मिळत नाही, ते स्थानकावरील यंत्रातून किंवा मोबाइलवरील अधिकृत अॅपमधून गाडीत चढण्यापूर्वीच घ्यावे लागते. एका फेरीचे मूळ भाडे अनेक वर्षे अडीच डॉलर राहिलेले आहे. तरीही दिवसात तीन-चार वेळा चढउतार करण्याचा बेत असेल, आणि खाली सुचवलेल्या क्रमाने गेल्यास ती होतेच, तर यंत्राच्या पडद्यावर दिवसभराच्या पासचा दर पाहून मग ठरवावे. ही सेवा मुळात विश्वासावर चालत आली आहे, म्हणजे प्रवाशाने जवळ वैध तिकीट बाळगायचे आणि कर्मचाऱ्याने मागितल्यास दाखवायचे. कागदी तिकिटावर वेळेचा शिक्का उमटलेला नसेल तर ते फलाटाजवळच्या छोट्या शिक्का-यंत्रात घालून घ्यावे. शिक्का नसलेले तिकीट आणि तिकीट नसणे यात तपासनीस फरक करत नाही. अलीकडे एकेका स्थानकावर स्वयंचलित दरवाजे बसवण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. जेथे ते बसले आहेत तेथे बाहेर पडेपर्यंत तिकीट हाताशी ठेवावे.

गाडीचा तळ आणि फलाट समपातळीत असल्याने चाकांची खुर्ची, बाळगाडी किंवा मोठी बॅग घेऊन चढणे सोपे जाते आणि सायकलही नेता येते. लाक्लीड्स लँडिंगचा फलाट उंचावर असल्यामुळे खाली उतरण्यासाठी जिना किंवा लिफ्ट वापरावी लागते. लिफ्टवरच अवलंबून असलेल्या प्रवाशांनी निघण्यापूर्वी सेवेच्या सूचना पाहाव्यात, कारण ती बंद असल्यास आधीच्या स्थानकावर उतरून जमिनीवरून येणे अधिक सोयीचे पडते.

आधीच्या थांब्यापासूनच खिडकीकडे लक्ष द्यावे

कन्व्हेन्शन सेंटर सोडल्यावर गाडी काही वेळ अंधारातून जाते. हा बोगदा लाइट रेलसाठी खोदलेला नाही. 1874 मध्ये पूल आणि बोगदा एकत्रच तयार झाले. वाफेच्या इंजिनांनी गजबजलेल्या शहराच्या पोटातून, एट्थ स्ट्रीट आणि मग वॉशिंग्टन अॅव्हेन्यूच्या खालून, आगगाड्या पुलापर्यंत नेण्यासाठी जवळजवळ दीड किलोमीटर लांबीचा हा भुयारी मार्ग बांधण्यात आला. 1974 च्या सुमारास पुलावरून शेवटची प्रवासी आगगाडी गेली आणि रूळ ओस पडले. पुढे 1989 मध्ये शहराने आपल्या मालकीचा मॅकआर्थर पूल रेल्वे कंपन्यांच्या संघटनेला दिला आणि त्या बदल्यात ईड्स पूल घेतला. या अदलाबदलीमुळे मेट्रोलिंकला नदी ओलांडण्याचा मार्ग आणि शहराखालचा बोगदा दोन्ही आयते मिळाले. नव्याने पूल बांधावा लागला असता तर ही सेवा 31 जुलै 1993 रोजी सुरू होऊ शकली नसती, हे सांगायला अभियंता असण्याची गरज नाही.

त्या तारखेला आणखी एक संदर्भ आहे. त्या उन्हाळ्यात मिसिसिपीला महापूर आला होता आणि दुसऱ्याच दिवशी, 1 ऑगस्ट 1993 रोजी, सेंट लुइसच्या पातळीमापकावर 49.58 फूट ही आजवरची सर्वोच्च नोंद झाली. येथे 30 फुटांनंतर पूरस्थिती मानली जाते. काठावरचा रस्ता पाण्याखाली असताना नव्या गाड्या मात्र पुलाच्या पोटातून सुरक्षित उंचीवरून नदी ओलांडत होत्या.

आधी खालच्या पातळीवर जावे

फलाटावरून उतरल्यावर दिशा ओळखण्याची सोपी खूण अशी की जमीन ज्या बाजूला उतरत जाते ती पूर्व, म्हणजे नदी. नदीकडे तोंड करून उभे राहिल्यास उजव्या हाताला गेटवे आर्चचे उद्यान आणि डाव्या हाताला वखारींचा लाक्लीड्स लँडिंग भाग येतो. या दोहोंच्या मधोमध पूल उभा आहे.

बहुतेक लोक लगेच उजवीकडे वळतात. माझे मत असे की आधी डावीकडे जावे, कारण हा भाग छोटा आहे आणि कमान पाहून दमल्यावर येथे कोणी परत येत नाही. पियेर लाक्लीड या फ्रेंच व्यापाऱ्याने 1764 मध्ये ऑगस्ट शूटो या तरुण साहाय्यकाच्या मदतीने हे गाव वसवले, ते याच काठावर. गल्ल्यांची अरुंद आखणी त्या वसाहतीच्या काळाची आठवण देणारी असली तरी इमारती तेवढ्या जुन्या नाहीत. मे 1849 मध्ये ‘व्हाइट क्लाउड’ या वाफेच्या बोटीला लागलेली आग धक्क्यावरच्या इतर बोटींना आणि तेथून शहराला लागली. त्या एका रात्रीत 23 बोटी आणि चारशेहून अधिक इमारती जळाल्या. आज दिसणाऱ्या विटांच्या वखारी व कारखाने त्या आगीनंतरचे, मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचे आहेत. येथून दक्षिणेकडचा नदीकाठ तर पुढे मुद्दामच पाडण्यात आला. 1939 पासून राष्ट्रीय स्मारकासाठी सुमारे 40 ब्लॉकमधील इमारती हटवण्यात आल्या आणि त्या मोकळ्या जागेवर दोन तपांहून अधिक काळानंतर कमान उभी राहिली. पुलाच्या उत्तरेकडील पट्टा त्या आखणीच्या बाहेर होता, म्हणून तो वाचला. 1976 मध्ये त्याची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली.

पाहताना इमारतींच्या तळमजल्याकडे आणि वरच्या मजल्यांकडे वेगवेगळे पाहावे. वर जाड विटांच्या भिंती आणि एकसारख्या कमानदार खिडक्या असतात, तर काही इमारतींच्या दर्शनी भागात बीडाचे खांब दिसतात. ओतीव लोखंडाचे हे भाग साच्यातून काढून जागेवर जोडले जात. त्यामुळे भिंतीची जाडी कमी होऊन आत उजेड जास्त येत असे आणि दुकानाला शोभाही येत असे. पायाखालच्या दगडी फरसबंदीचीही दखल घ्यावी लागते, कारण ती ऊबडखाबड आहे. उंच टाचांच्या चपला किंवा लहान चाकांची बॅग घेऊन येथे फिरणे म्हणजे स्वतःला शिक्षाच. एकेकाळी हा भाग रात्रीच्या खाण्यापिण्यासाठी आणि गाण्याबजावण्यासाठी गजबजलेला असे. आता अनेक इमारतींत राहती घरे झाली आहेत आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी येथे शांतता असते. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून येथे रात्री धमाल करण्याच्या अपेक्षेने येऊ नये. दिवसाउजेडी यावे आणि अंधार पडल्यावर रिकाम्या गल्ल्यांत एकट्याने रेंगाळू नये.

सायकल आणलेली असल्यास उत्तरेकडे थोडे पुढे, जुन्या लाक्लीड वीजगृहाच्या इमारतीपासून, नदीकाठचा सायकलमार्ग सुरू होतो आणि सुमारे 11 मैलांवरच्या ओल्ड चेन ऑफ रॉक्स पुलापर्यंत जातो. तो वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम ठेवावा.

पूल खालून कसा पाहावा

वखारींच्या भागातून पूर्वेकडे उतरल्यावर लिओनॉर के. सलिव्हन बुलेव्हार्ड हा काठाने जाणारा रस्ता लागतो. येथून उजवीकडे वळून पुलाखालून जावे, आणि येथे घाई करू नये. सबंध सहलीत पूल पूर्णपणे दिसण्याची ही सर्वोत्तम जागा आहे. गाडीतून फक्त तिरकस जोडकामाच्या फटींतून पाणी दिसते, खुद्द पूल दिसत नाही.

जेम्स ब्युकॅनन ईड्स यांनी बांधलेला हा पूल 4 जुलै 1874 रोजी खुला झाला. त्याच्या तीन कमानींपैकी मधली 520 फुटांची आणि बाजूच्या दोन 502 फुटांच्या आहेत. एवढ्या मोठ्या पुलासाठी मुख्य साहित्य म्हणून पोलाद वापरण्याचे धाडस त्यापूर्वी कोणी केले नव्हते. धक्क्यावर उभे राहून कमानीच्या खालच्या कडेकडे नजर टाकली की ती अखंड पट्टी नसून एकापुढे एक जोडलेल्या नळ्यांची बनलेली आहे हे कळते. प्रत्येक कमानीला समांतर अशा चार फासळ्या आहेत आणि प्रत्येक फासळीत वर एक व खाली एक अशा नळ्यांच्या दोन रांगा तिरप्या सळयांनी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. नळीचा व्यास दीड फूट आणि एका तुकड्याची लांबी सुमारे 12 फूट आहे. एकेक नळी अखंड ओतलेली नाही. लाकडी पिंपाच्या पट्ट्या जशा कड्यात आवळतात तशा पोलादाच्या सहा पट्ट्या आवरणात बसवून ती तयार केली आहे. दोन तुकड्यांच्या सांध्यावर दिसणारे फुगीर कडे त्यांना एकमेकांशी जोडते. एका टोकाच्या सांध्यापासून सुरुवात करून नजर सावकाश मधल्या शिखरापर्यंत नेली तर कमान वाकवलेली नसून सरळ तुकडे किंचित कोनात जोडून साधलेली आहे, हे स्वच्छ दिसते.

हेच शिखर जोडताना ईड्स यांच्या माणसांची पंचाईत झाली होती. नदीतून बोटींची ये-जा थांबू नये म्हणून खालून लाकडी आधार न देता दोन्ही बाजूंनी कमानीचे अर्धे भाग पुढे सरकवत आणले गेले. मात्र 1873 च्या सप्टेंबरातील उन्हाने पोलाद फुगले आणि शेवटचा तुकडा बसेना. बर्फ बांधून ते आकसवण्याचा प्रयत्न झाला, पण उष्णता हटेना. अखेर लांबी कमीजास्त करता येईल असा आट्यांचा खास तुकडा वापरून कमान जोडली गेली. ईड्स यांनी असा तुकडा आधीच तयार करवून ठेवला होता, हे मला त्यांच्या साऱ्या हुशारीत अधिक मोलाचे वाटते.

पाण्यात उभ्या असलेल्या दगडी खांबांची कथा इतकी सुखाची नाही. नदीच्या तळाच्या वाळूखालील खडकापर्यंत पोहोचण्यासाठी मजूर दाबलेल्या हवेच्या मोठ्या पेट्यांत उतरून काम करत आणि खोली वाढली तसे वर आल्यावर त्यांना सांधेदुखी, पक्षाघात आणि मृत्यूने गाठले. दाबातून झटकन बाहेर येण्याचा हा परिणाम तेव्हा नीट समजलेला नव्हता. डझनाहून अधिक मजूर त्यात दगावले आणि कामावर नेमलेल्या डॉ. अल्फॉन्स जॅमिने यांनाही खाली जाऊन आल्यावर तो त्रास झाला.

नदीला पाणी जास्त असेल तर हा रस्ता बंद केला जातो. राष्ट्रीय हवामान सेवा सेंट लुइसची पाणीपातळी रोज जाहीर करते. ती 30 फुटांच्या आसपास किंवा वर असल्यास खालची पातळी वगळून थेट उद्यानाकडे जावे. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ही शक्यता अधिक असते.

कमानीकडे

पुलाच्या दक्षिणेला लागूनच उद्यानाचा उत्तर भाग सुरू होतो. पूर्वी येथे वाहनतळाची इमारत होती. ती काढून जागा उद्यानात मिळवल्यापासून स्थानकातून झाडीतल्या वाटेने, एकही मोठा रस्ता न ओलांडता, कमानीपाशी दहा-पंधरा मिनिटांत जाता येते. नवखे लोक कमानीच्या पायाशी जाऊन दरवाजा शोधत राहतात, पण प्रवेश तेथे नाही. संग्रहालय जमिनीखाली असून त्याचे दार पश्चिमेला, जुन्या न्यायालयाकडे तोंड करून आहे. नदीकडून आल्यास कमानीला वळसा घालून शहराच्या बाजूला जावे.

ईरो सारिनेन यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही 630 फूट उंचीची कमान 28 ऑक्टोबर 1965 रोजी पूर्ण झाली. संग्रहालय विनामूल्य आहे, वर नेणाऱ्या ट्रामला मात्र तिकीट लागते आणि गर्दीच्या मोसमात ते आधीच ऑनलाइन घ्यावे. दारावर विमानतळासारखी तपासणी होत असल्याने तिकिटावरील वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचणे इष्ट. ट्रामच्या डब्यात पाच जण गुडघ्याला गुडघा लावून बसतात आणि वर जायला सुमारे चार मिनिटे लागतात. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी आणि पायऱ्या चढता न येणाऱ्यांनी वरचा बेत सोडून द्यावा. वर चाकांची खुर्ची नेता येत नाही. त्यात फार गमावल्यासारखे नाही, कारण वरच्या खिडक्या अरुंद आहेत आणि या काठाची रचना खालूनच जास्त समजते. उद्यानातच दक्षिणेकडे 1834 मध्ये पूर्ण झालेले जुने कॅथेड्रल आहे. भोवतालचे सगळे पाडले गेले तेव्हा ते राखण्यात आले.

पलीकडचा काठ आणि पुलाचा वरचा मजला

आता स्थानकावर परत येऊन पूर्वेकडील गाडीने एकच थांबा पुढे जावे. ईस्ट रिव्हरफ्रंट हे स्थानक इलिनॉय राज्यात आहे, म्हणजे काही मिनिटांत नदीबरोबर राज्याची सीमाही ओलांडली जाते. तेथून दक्षिणेला कमानीच्या अगदी समोर माल्कम डब्ल्यू. मार्टिन स्मृतिउद्यान आहे आणि त्यातील उंच सज्जावर चढल्यावर कमान, शहर आणि नदी एका चौकटीत येतात. सूर्य सकाळी मागून येतो, म्हणून छायाचित्रांसाठी सकाळ चांगली. संध्याकाळी कमान काळ्या रेषेसारखी दिसते, तीही काहींना आवडते. येथील गेटवे गायझर हे कारंजे 1995 पासून आहे. कमानीच्या उंचीइतका, 630 फुटांचा फवारा उडवण्याच्या हेतूने ते बांधले आहे. मात्र ते हंगामी आहे, केवळ त्याच्यासाठी येऊ नये.

पुलाच्या वरच्या रस्त्यावरून चालायचे असेल तर मिझुरीच्या बाजूने सुरुवात करावी. येथे फलाटावरून वर जाण्याचा विचार न करता आधी खाली रस्त्यावर उतरावे, पुलाच्या कडेने पश्चिमेकडे चढत जावे आणि वॉशिंग्टन अॅव्हेन्यू पुलाला मिळते तेथून पादचारी मार्गावर यावे. हा मार्ग दक्षिणेच्या कठड्याला लागून असल्याने कमान सतत समोर राहते. नदीच्या मध्यापर्यंत जाऊन परत फिरणे पुरेसे होते. मध्यावर थोडे थांबल्यास पायाखालून गाडी गेल्याची थरथर जाणवते. उन्हाळ्यात दुपारी येथे सावली नसते आणि हिवाळ्यात वारा बोचरा असतो, त्यामुळे वेळ विचारपूर्वक निवडावी.

परतताना

दिवसाचा शेवट जुन्या न्यायालयाजवळ होणार असेल तर लाक्लीड्स लँडिंगला परत येण्याची गरज नाही. ड्रेड स्कॉट आणि त्यांची पत्नी हॅरिएट यांनी गुलामगिरीतून मुक्ततेसाठी केलेल्या दाव्याच्या 1847 आणि 1850 मधील सुनावण्या याच इमारतीत झाल्या. तेथून एट्थ अँड पाइन हे भुयारी स्थानक अधिक जवळ पडते. विमानतळावर जाणाऱ्यांनी पश्चिमेकडील फलाटावर गाडीच्या पाटीवरचा रंग नीट पाहावा, कारण निळी गाडी फॉरेस्ट पार्क–डीबॅलिव्हिअरनंतर वेगळ्या दिशेने जाते. चुकून निळ्या गाडीत बसल्यास तेथे उतरून मागून येणारी लाल गाडी पकडता येते. लाल गाडी आधी दुसऱ्या टर्मिनलवर थांबते आणि मग पहिल्या टर्मिनलवर तिचा प्रवास संपतो. साउथवेस्ट या विमान कंपनीची विमाने दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात, म्हणून आपले विमान कोठून सुटणार हे गाडीत बसण्यापूर्वी तपासावे.